दोन सह्या

दोन चाचण्यांत कमी गुण पडले, तेवढ्यानं माणूस खुळा कसा ठरतो? मी दवाखान्यात विचारलं, मच्छीमार सोसायटीत विचारलं. जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवी.

माझ्या थोरल्या भावाला, हिराजीदादाला जाऊन महिनाही झाला नव्हता. मेंदूच्या ऑपरेशनआधी त्यानं होडी चांगुणावहिनीच्या नावे लिहून दिली होती. त्याच आठवड्यात दवाखान्यातल्या बाईंनी त्याच्या बुद्धीच्या वीस चाचण्या घेतल्या होत्या. त्यातल्या दोनांत तो कमी पडला. जनार्दनकाकांनी तेवढंच धरून सोसायटीत हरकतीचा अर्ज दिला. होडी आमच्या आजोबांची, म्हणून ती आपलीच, असं त्यांचं म्हणणं. वहिनीची चूल त्याच होडीवर पेटायची.

बैठकीत चाचण्या घेणाऱ्या बाई बोलायला उठल्या.

"बाई, आकडे तेवढे सांगा," काका गरजले. "दोन चाचण्यांत नापास! डोकं ठिकाणावर नव्हतं त्याचं. सही बाद करा."

मी त्यांच्या अंगावर धावलो. वहिनीनं हात धरला, तसा थांबलो आणि म्हणालो, "बाई, त्याच वीस चाचण्या काकांच्या घ्या."

"घ्या की! मी काय घाबरतो?"

दुपार सरली. काका तीन चाचण्यांत खाली निघाले.

"झोप झाली नव्हती माझी," ते पुटपुटले.

बाई म्हणाल्या, "इतक्या चाचण्या घेतल्या की धडधाकट माणूसही एखाददुसरीत खाली येतोच."

"काका," मी म्हणालो, "दादाची सही बाद, तर तुमच्या अर्जावरचीही बाद. मग हरकत घेतली कुणी? आणि तुमची चालत असेल, तर दादाचीही चालते. बोला."

काकांनी अर्ज मागे घेतला.

त्या संध्याकाळी मी होडीवर वहिनीचं नाव रंगवलं. दादासाठी केलेलं माझं ते शेवटचं काम.