दहा दिवसांचे बुडकुले

पूर्वी वेलापट्टण नावाच्या बंदरात उदयसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका व्यापारी कुळात जन्माला आले. त्यांचे नाव सोमिल. तरुणपणीच ते रत्नगुप्त श्रेष्ठींच्या पेढीवर कामाला लागले. श्रेष्ठींची गलबते चौदा बंदरांना जात, आणि प्रत्येक बंदरात त्यांचे एखादे तरी खाद्य विकले जाई. कुठला माल कोणत्या शब्दांत आणि कोणाच्या तोंडून लोकांपुढे मांडायचा, हे सोमिल ठरवीत.

त्या मालात 'बालसत्त्व' नावाची एक भुकटी होती. दूध आटवून, वाळवून, त्यात तांदळाचे पीठ आणि खडीसाखर मिसळून ती करीत. आई गमावलेल्या तान्ह्यांसाठी एका वैद्याने ती तयार केली होती. सोमिलांची पत्नी बाळंतपणात गेली, तेव्हा त्यांची मुलगी याच भुकटीवर वाढली. म्हणून भुकटीची स्तुती करताना त्यांना कधी खोटे बोलावे लागले नाही.

ताम्रद्वीपावर माल खपेना, तेव्हा सोमिलांनी एक युक्ती काढली. तिथल्या काही बायकांना त्यांनी सुईणींसारखी पांढरी वस्त्रे दिली. त्या बाळंतिणींच्या घरी जात आणि दहा दिवस पुरेल एवढ्या भुकटीने भरलेले मातीचे छोटे बुडकुले फुकट देत. देताना म्हणत, "तुमचं दूध पातळ दिसतंय. बाळाचं पोट भरत नसेल." हे वाक्य सोमिलांनीच रचले होते. फुकट दिलेले बुडकुले त्यांना दानासारखेच वाटे.

दोन वर्षांत ताम्रद्वीपाला इतर सर्व बंदरांहून अधिक माल जाऊ लागला. एके दिवशी तिकडून आलेल्या गलबताचा तांडेल सहज बोलून गेला, "त्या बेटावर लोक रिकामे पाळणे विकायला काढतायत, शेठ." सोमिलांना याचा अर्थ लागेना. पुढच्याच गलबताने ते निघाले.

बेटावर ते प्रथम टेकडीवर तिथल्या कारभारी नायकाच्या घरी गेले. नायकाचा मुलगा गुटगुटीत होता. "तुमच्या भुकटीनं बाळसं धरलंय बघा," त्याची आई कौतुकाने म्हणाली. सोमिलांचा जीव भांड्यात पडला.

मग ते खाली कोळ्यांच्या वस्तीत उतरले. तिथे नीलिका नावाची एक तरुणी पाच महिन्यांचे मूल मांडीवर घेऊन बसली होती. मुलाचे हात काटकीसारखे होते. तिने बुडकुल्यातून चिमूटभर भुकटी काढली आणि डबक्यातून भरून आणलेल्या पाण्यात कालवली. पाणी जेमतेम पांढरे झाले.

"एवढीशीच?" सोमिलांनी विचारले.

"महिनाभर पुरवायचीय. आता विकत घ्यावी लागते."

"मग अंगावर का पाजत नाहीस?"

"दूधच नाही राहिलं. फुकटचं होतं तोवर तेच पाजलं, अन् तेवढ्यात माझं आटलं." तिने ते पाणी मुलाच्या ओठांना लावले. "बरंच झालं म्हणा. माझं पातळ होतं ना. सुईणबाई म्हणाल्या तसं."

टेकडीवरचे बुडकुले आणि हे बुडकुले एकाच भट्टीतून आलेले होते. सोमिल पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले. दोन्ही मुले त्यांनी पुन्हा पाहिली. शेवटी वस्तीतल्या अंबाली नावाच्या खऱ्या सुईणीला त्यांनी गाठले.

"आजी, भुकटीत काही वाईट नाही. माझी स्वतःची लेक तिच्यावर वाढलीय. मग इथं असं का होतं?"

अंबाली म्हणाली, "वर झरा आहे, सरपण आहे, पाणी उकळायला दासी आहे. इथं यातलं काय आहे? या बायांजवळ एकच गोष्ट होती, न मागता मिळणारी, अंगचं दूध. ती तुम्ही वाईट ठरवलीत."

परत येऊन सोमिलांनी सारी हकीकत श्रेष्ठींना सांगितली आणि पांढरी वस्त्रे व फुकटची बुडकुली बंद करण्याची विनंती केली. रत्नगुप्त दुष्ट नव्हते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"सोमिल, पाणी घाण आहे तो तिथल्या नायकाचा दोष. भुकटी पातळ करतात तो गरिबीचा दोष. घेण्याची बळजबरी आपण कोणावर केली नाही. मग आपला दोष कोणता, तेवढा दाखव."

तीन दिवस सोमिल विचार करीत राहिले. श्रेष्ठींचे बोलणे त्यांना कधी पटे, कधी पटत नसे. घरी खेळणाऱ्या लेकीकडे पाहिले की गोंधळ आणखी वाढे. चौथ्या दिवशी ते श्रेष्ठींपुढे उभे राहिले.

"दोष कोणाचा किती, हे मला अजून कळत नाही. पण तिचं दूध पातळ आहे, हे मी न पाहता बोललो. ते मला माहीत नव्हतं. एवढं मात्र मला कळतं."

"चौदाही बंदरं तुझ्या हाती सोपवतो," श्रेष्ठी म्हणाले. "राहा."

सोमिल राहिले नाहीत. लेकीला घेऊन ते ताम्रद्वीपावर गेले. ज्या घरांत बुडकुली दिली गेली होती, त्या प्रत्येक दारात उभे राहून ते म्हणू लागले, "तुमचं दूध पातळ नव्हतं. ते वाक्य माझं होतं." काहींनी त्यांना वेडा म्हटले. एका बाईने विचारले, "तेव्हा खोटं बोललात, तर आता खरं कशावरून?" दुसऱ्या एका बाईने त्यांना आत नेऊन बाळाची रिकामी झोळी दाखवली. सोमिल तिथेच खाली बसले आणि ती उठा म्हणेपर्यंत उठले नाहीत.

अंबालीने नीलिकेला मूल पुन्हा पुन्हा छातीशी धरायला लावले. तोवर भुकटीसाठी सोमिल टेकडीवरच्या झऱ्याचे पाणी आणून, उकळून देत राहिले. बाराव्या दिवशी सकाळी मुलाच्या ओठांच्या कडेने दूध ओघळले. नीलिकेने ते बोटाने पुसून उजेडात धरले आणि बराच वेळ पाहिले.

"पातळ नाहीये हो," ती म्हणाली.

ही पूर्वजन्मीची कथा सांगून शास्ता भगवान भिक्षूंना म्हणाले, "त्या वेळची नीलिका म्हणजे आजची उपासिका मंदारा. अंबाली म्हणजे ज्येष्ठ भिक्षुणी थेरी सुनेत्रा. आणि आज तुम्ही ज्याच्या अन्नछत्रात जेवलात तो उपासक बहुधन, तोच त्या वेळचा रत्नगुप्त."

भिक्षू चपापले आणि एकमेकांकडे पाहू लागले. शास्ता पुढे म्हणाले, "आणि ते वाक्य ज्याने रचले, तो सोमिल मीच होतो. ते परत घेण्यासाठी मला दारोदार जावे लागले. भिक्षूंनो, याला सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, म्हणतात."