मोडकी बिस्किटं

कोठारांमध्ये मांजरं यायच्याही आधीच्या काळी ज्वारीच्या कणगीखाली ठुमी उंदरीण राहायची. तिची लेक गुली धान्य खाल्लं की पोट धरून रडायची. दिवसेंदिवस वाळत चाललेली पोर पाहून ठुमीला काही सुचेना.

"उंदराला धान्य बाधतं? नखरे नुसते! बाजरी दे तिला," सासूबाई म्हणाल्या.

"नाचणी दे गं," शेजारची चिचुंद्री म्हणाली.

पण तीही धान्यंच की! ठुमीचा पार गोंधळ उडाला.

शेवटी तिने कुणीतरी टाकलेलं, काळं पडलेलं केळं ओढून आणलं. त्यात शेंगदाण्याचं कूट घालून चुलीजवळच्या तापल्या फरशीवर बिस्किटं थापली. भाकरीसारखी कडक होईनात, म्हणून घडीघडीला उलटत राहिली. सगळी मोडली.

"सासूबाई, कूट कमी पडलं का हो?"

"अक्कल कमी पडली!"

ठुमी खाली मान घालून विचार करत बसली. वळून बघते तर फरशी चाटूनपुसून साफ, आणि गुली मिशा पुसत हसतेय.

"आई, दुखत नाही गं! उद्यापण अशीच मोडकी कर."

ठुमी पुन्हा गोंधळली. किती वेळा उलटली होती, ते तिने मोजलंच नव्हतं. पण या वेळी ती कुणाला विचारायला गेली नाही.