ठकूबाईचे 'हे'

गोऱ्या साहेबाच्या राज्यातली गोष्ट आहे बरं का. रानातला सरकारी साग कुणी तोडला, तर म्हणे बाबजीनं. शिपायाला जो पहिला बाबजी दिसला, त्यालाच त्यानं धरून आणलं. तो निघाला ठकूबाईचा नवरा. आता त्याला तुरुंग ठरलेलाच.

ठकूबाई कचेरीत उभी राहिली नि म्हणाली, "साहेब, त्या दिवशी हे माझ्या माहेरी होते."

दुभाष्यानं 'हे'चं इंग्रजी केलं, तसा साहेब चिडला. "हे म्हणजे कोण? हे टेबल? का हे सगळे लोक? नवऱ्याचं नाव घे, नाहीतर तुझी साक्ष रद्द!"

त्या काळी बायको नवऱ्याचं नाव घेते होय? पण ठकू शांतच. म्हणाली, "नावानं माणूस सापडतो म्हणता, तर तुम्हीच बाहेर जाऊन हाक मारा की."

साहेब रुबाबात ओट्यावर आला. समोर चिंचेखाली सारा गाव बसलेला, नि शिपायाच्या पहाऱ्यात तिचा नवराही.

"बाबजी!" साहेब गरजला. तिघं जण उठून उभे राहिले.

ठकूनं पदर सावरला नि हळूच म्हणाली, "अहो, ऐकलं का?"

दोघं खाली बसले. तिचा नवरा तेवढा पुढं आला.

"तुमच्या नावाला तिघं, साहेब, नि माझ्या 'हे'ला एकच. आता साग तोडणारा बाबजी कोणता, ते विचारा तुमच्या शिपायाला."

शिपाई एकदा या बाबजीकडं, एकदा त्या बाबजीकडं बघू लागला. साहेबानं ठकूच्या नवऱ्याला सोडलं, नि दुभाष्याला विचारलं, "मग 'हे'चं इंग्रजी काय लिहू?"

"लिहून भागायचं नाही, हुजूर," दुभाष्या म्हणाला, "ते तिच्याच तोंडून ऐकावं लागतं."