कातळाचे हलणे

एकदा एका वाडीने आपल्या झुलत्या पुलाची धास्ती घेतली. पाऊल टाकले की तो पूर्वीपेक्षा जास्त हलतो, असे जो तो म्हणू लागला. पूल बंद करावा, तर मुलांची शाळा नदीपलीकडे. चालू ठेवावा आणि तुटला, तर तो विचारही कोणाला सोसेना. अखेर वाडीने एका वृद्ध अभियंत्यांना बोलावले. ते आपल्या विद्यार्थिनीसह आले.

महागडी यंत्रे आणण्याची ऐपत वाडीपाशी कुठली? त्या विद्यार्थिनीने, म्हणजे त्या मुलीने, आपला साधा मोबाइल ट्रायपॉडवर बसवून काठावर उभा केला आणि पुलाचे चित्रीकरण केले. चित्रातला पूल किती सरकतो, ते संगणकाने मोजून दिले. आकडा पाहून तिचा चेहरा उतरला.

"सर, पूल धोक्यात आहे. आजच बंद करायला सांगते."

"थांब जरा," म्हणत सरांनी मोबाइल जागच्या जागी वळवला आणि पलीकडच्या काळ्या कातळाचे चित्रीकरण सुरू केले. शिकलेली माणसे कधी काय करतील याचा नेम नाही, असे भाव जमलेल्यांच्या तोंडावर होते. सरपंचबाईंना राहवेना.

"अहो सर, पूल ह्या अंगाला आहे! कातळ कशाला मोजताय? तो काय पळून जाणार आहे?"

सरांनी ते चित्रीकरणही संगणकाकडून मोजून घेतले. मुलीने नवा आकडा वाचला आणि तो पुन्हा तपासून पाहिला. कातळही जवळजवळ पुलाइतकाच हलत होता!

सर म्हणाले, "कातळ हलत नाही, हे तुला ठाऊक आहे. मग हलले कोण? वाऱ्याने आपला ट्रायपॉड. कॅमेरा स्वस्त असला तरी लबाड नाही. पण त्याने दाखवलेल्यात आपले हलणे किती, हे त्याला कळत नाही. ते आपण ओळखायचे. दुसऱ्याला डळमळीत ठरवण्याआधी, जे स्थिर आहे त्याच्याकडे एकदा पाहून घ्यावे."

मग तिने पूल आणि कातळ एकाच चित्रात घेतले आणि पुलाच्या हलण्यातून कातळाचे हलणे वजा केले. उरले ते झुलत्या पुलाला साजेल इतकेच. एका बाजूचा तारेचा दोर तेवढा सैल निघाला. सरांनी तो उभे राहून ताणून घेतला, पुन्हा मोजणी करवली, आणि वाडीचा जीव भांड्यात पडला.

पहिले पाऊल मुलीनेच टाकले. मागोमाग सर निघाले. मधोमध पायाखालची फळी हलली, तशी ती थबकली.

"सर, हा पूल हलतोय की मी?"

"दोघंही," सर म्हणाले. "चल पुढे."