राखेच्या पाण्याची घागर

त्या राज्यात कापडंच राहायची, आणि सगळी पिवळी होती. मागावरून उतरलेलं कोरं कापड घरी आलं की आई चुलीवर हंडा चढवायची, कुटलेली हळकुंडं उकळायची आणि लेकराला पदराने धरून त्यात बुडवायची. ते सावलीत वाळलं की शेजारीपाजारी येऊन म्हणायचे, "आता आपल्यातलं झालं हो."

लाल हा शत्रूचा रंग. एकदा एका पंच्यावर लाल ठिपका दिसला आणि राजा फेटा बिथरला. त्याने चौकात राखेच्या पाण्याची घागर मांडली. "काहीजणांच्या आत लाल लपून बसलंय," तो म्हणाला. "धुऊन बघू. अस्सल पिवळ्याला पाण्याची भीती कसली?" सगळ्यांना ते पटलं. लाल निघेल त्याचं पोतेरं करायचं ठरलं.

पंचा बुडाला आणि अख्खा लाल होऊन वर आला. गर्दी हादरली. मग चादर लाल निघाली.

"इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, कळलं का कधी?" रुमाल म्हणाला. "मला बाई तिच्या घड्याच सरळ वाटत नव्हत्या," उशीच्या अभ्र्याने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रुमाल लाल निघाला, त्याच्यामागून अभ्रा. प्रत्येक वेळी सगळे एकमेकांकडे बघत सरकून उभे राहायचे. घागरीकडे कुणी बघत नव्हतं.

मागे उभी राहणारी, कमी बोलणारी एक ओढणी होती. तिच्या आईला, लुगड्याला, बोलावणं आलं तेव्हा लुगडं हसत निघालं. "आलेच गं. तेवढीच धूळ निघेल."

ते वर आलं ते ओल्या विटेच्या रंगाचं. स्वतःचा पदर दुसऱ्या कुणाचा असावा तसा ते उलटून पालटून पाहत राहिलं. "पोरी," ते म्हणालं, "मी अशी नव्हते गं."

ओढणीला रडू आलं नाही. अंगातला पीळच कुणी काढून घेतल्यासारखं झालं. त्याहून वाईट म्हणजे क्षणभर तिच्याही मनात आलं, की आईने आपल्यापासून काही लपवलं होतं का? त्या विचाराचीच तिला भीती वाटली.

लुगड्याला पोतेऱ्यांच्या ढिगाकडे नेलं आणि फेट्याने ओढणीला पुढे घेतलं. तो मायेने म्हणाला, "तू लहान आहेस. आईने हंड्यात लाल कालवलं होतं, एवढं सगळ्यांसमोर म्हण आणि घरी जा. नाहीतर घागर आहेच."

ओढणीने हंडा आठवला. उकळी, वाफ, आणि कडेला चिकटलेला पिवळा फेस.

"आमच्या हंड्यात नुसती हळद होती," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक, की फेट्याला ऐकायला खाली वाकावं लागलं. वाकताना त्याचा लोंबता शेमला घागरीत बुडाला.

फेट्याने तो झटकन वर ओढला, एकदाच पाहिला आणि आतल्या घडीत खोचून टाकला. पण ओल कुणाचं ऐकत नाही. ती एका पिळातून दुसऱ्या पिळात झिरपत, सगळ्यांच्या देखत, लाल होत वर चढू लागली. एकेक करून सगळी कापडं माना खाली घालून जमिनीकडे निरखून पाहू लागली.

वर पाहत होती ती एकटी ओढणी. दोन शिपाई तिला दोन्ही टोकांनी धरून घागरीकडे नेत होते.