उंदरिणीचे मागचे दार

जंगलाच्या कडेला, करवंदीच्या जाळीखाली, एक उंदरीण आपल्या चार पिल्लांना घेऊन राहत असे. स्वभावाने टापटिपीची आणि त्याहून जास्त काटकसरी. तिच्या बिळाला दोन दारे होती. पुढचे येण्याजाण्याचे आणि मागचे फक्त जीव घेऊन पळण्याचे. उंदरांच्या घराला असे दार लागतेच, कारण शत्रू कधी येईल याचा नेम नसतो.

दर आठवड्याला मोठ्या वडाखाली प्राण्यांचा बाजार भरे. तिथे धान्याचे दुकान माकडाचे. धरणावर सहलीला येणारी माणसे प्लास्टिकच्या पिशव्या टाकून जात, त्या माकड गोळा करी आणि गिऱ्हाइकांना खुशाल वाटी. जोंधळ्याला एक पिशवी, शेंगांना दुसरी, मूठभर तिळांना तिसरी! माकड मनाने मात्र चांगले होते. उंदरीण आली की पिल्लांसाठी चार शेंगा वर टाकायला ते कधी विसरत नसे.

उंदरिणीच्या घरात तिच्या आईने विणलेली गवताची परडी होती, पण ती खुंटीवरून कधी खाली येत नसे. "फुकट पिशवी मिळतेय, तर परडीचं लोढणं कोण नेईल?" असे म्हणून बाई मोकळ्या हातांनी निघत आणि पिशव्या घेऊन परतत. बरे, आणलेली पिशवी टाकायची नाही हा तिचा नियम. झटकायची, घडी घालायची आणि ठेवून द्यायची. कुठे? तर मागच्या दारात. ती जागा रिकामीच तर होती! हसू नका मुलांनो. आधी आपल्या स्वयंपाकघराच्या दारामागे डोकावून या. तिथे लटकणाऱ्या फुगलेल्या पिशवीच्या पोटात आणखी किती पिशव्या आहेत, ते पाहा.

शेजारच्या झाडावरची खार करवंटी घेऊन बाजाराला जाई. एकदा तिने उंदरिणीचे मागचे दार पाहिले आणि ती चपापली. "अगं बाई, हे बुजत चाललंय की!"

"बुजतंय कुठे? पिशव्या जपून ठेवल्यात," उंदरीण म्हणाली. "वेळेला उपयोगी पडतात."

"आजवर एखादी तरी पडली का?"

"मग काय टाकून देऊ? चांगल्या पिशव्या आहेत."

"टाकू नकोस गं. पण आणू तरी नकोस!"

उंदरिणीने नाक मुरडले. करवंटी घेऊन बाजारात हिंडणारीने आपल्याला शहाणपण शिकवावे, हे तिला मुळीच रुचले नाही.

आणि मग एका दुपारी पुढच्या दारातून धामण आत शिरली.

"मागे पळा!" उंदरीण ओरडली. पिल्ले पळाली आणि पिशव्यांच्या भिंतीवर आदळली. उंदरीण नखांनी ओरबाडू लागली, तर नखे नुसती घसरत होती. एक पिशवी ओढावी तर तिच्यामागे दुसरी, दुसरीमागे तिसरी. अरे देवा, किती या पिशव्या! तिचा आक्रोश ऐकून खार धावत आली आणि बाहेरून दातांनी पिशव्या उपसू लागली. जरा भोक पडले. एक पिल्लू निसटले, दुसरे निसटले, तिसरे निसटले. धाकटी मात्र एका पिशवीतच शिरली. प्लास्टिकमधून पलीकडचा उजेड दिसत होता ना, तिला वाटले हीच बाहेरची वाट. आईने ती पिशवी दातांत धरून जीव खाऊन ओढली. पण धामण पोहोचली होती. खारीने उंदरिणीला शेपटीला धरून बाहेर खेचले, तेव्हा तिच्या दातांत उरला होता फक्त पिशवीचा एक तुकडा.

जाळीभर पिशव्या विखुरल्या होत्या. कुणी फटकन थोबाडीत मारल्यासारखी उंदरीण त्यांच्याकडे बघत राहिली. या साऱ्या आपणच एकेक करून घरात आणल्या, हे तिला खरेच वाटेना. "मी तर जपून ठेवत होते गं," एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.  खार तिच्याजवळ बसून राहिली.

पुढच्या बाजाराला उंदरीण आली, ती आईची परडी घेऊन. माकडाने नेहमीप्रमाणे जोंधळा मापला आणि पिशवी पुढे केली.

"नको रे दादा. परडीत घाल."

"घे की बाई, फुकटच तर आहे!"

"फुकट?" उंदरिणीने परडी पुढे सरकवली. "एवढी महाग वस्तू मी जन्मात घेतली नव्हती."

माकडाला काही उमगले नाही. पिल्लांना द्यायला त्याने सवयीने चार शेंगा उचलल्या, आणि तिच्यामागे उभी असलेली तीन पिल्ले पाहून त्याचा हात तसाच राहिला.

तात्पर्य : फुकटची पिशवी घरी आणून जपणे ही काटकसर नव्हे, घरची पिशवी बाजारात नेणे ही खरी काटकसर.