आनसूबाईची न उरणारी पंगत

"उद्या दिवस मावळायच्या आत ही खोप इथून हलली पाहिजे!" प्रधान चिंतोपंतांनी फर्मावलं, आणि आनसूबाईच्या हातातलं उलथनं तव्यावरच थांबलं.

खोप म्हणजे काय, तर समुद्रकाठच्या माडांखाली एक चूल आणि बसायला चटया. तिथं आनसूबाई घावणे आणि तव्यावर भाजलेले मासे विकायची. त्यावरच तिचं पोट होतं.

"का म्हणून हलवू?"

"महाराज किनारा स्वच्छ करतायत. तुझा धूर, तुझं खरकटं, ते माशांचे काटे... शी शी! इथं आता माझ्या मेहुण्याचं संगमरवरी, निसर्ग जपणारं हरितभोजनालय होणार."

"आणि हे माड?"

"ते तोडणार. नाहीतर हरितभोजनालय मावणार कुठं?"

आता बोला! आनसूबाईनं चूल विझवली, पदर खोचला आणि तडक दरबार गाठला.

शेजारच्या राजानं आपला किनारा लख्ख असल्याची बढाई मारली, तेव्हापासून गजबाहू महाराजांना स्वच्छतेचा झटका आला होता. रोज सकाळी ते सोन्याच्या मुठीचा झाडू घेऊन चित्रकारासमोर उभे राहायचे. झाडायचे नाहीत हं, नुसते उभे राहायचे!

"तुझ्या चुलीनं घाण होते, असं प्रधानजी म्हणतात," महाराज म्हणाले.

"प्रधानजी कधी जेवलेत माझ्याकडे? तुम्हीच येऊन बघा, महाराज!"

"येतोच! स्वच्छ किनारा महोत्सवाला अख्ख्या दरबाराला जेवू घाल. पण ऐक. कुणी अर्धपोटी उठता कामा नये, आणि मागं काही उरता कामा नये! शीत नाही, काटा नाही, पान नाही, राखसुद्धा नाही. जमलं तर जागा तुझी."

दरबार खो खो हसला. पोटभर वाढायचं म्हटलं की थोडंफार उरणारच, आणि उरू द्यायचं नाही म्हटलं की कुणीतरी अर्धपोटी उठणार!

"आणि उरलं तर?" चिंतोपंतांनी मिशीला पीळ दिला.

"तर ते हिनं तिथंच बसून खायचं, काट्यांसकट! आणि जागा तुमच्या मेहुण्याची."

आनसूबाईनं पदर आणखी घट्ट खोचला. आवाज काही पडू दिला नाही तिनं.

"कबूल! पण मग नियम सगळ्यांना सारखा हवा. माझ्या पंगतीत ज्यानं त्यानं आपलं पान स्वच्छ करूनच उठायचं, अशी रीत आहे. तशी दवंडी पिटवा, की महोत्सवात किनाऱ्यावर जे उरेल, ते ज्यानं आणलं त्यानं बसून खायचं!"

"पिटवा, पिटवा!" सगळ्यात आधी चिंतोपंतच ओरडले.

झालं! महोत्सवाच्या दिवशी चिंतोपंत गाड्याच्या गाड्या सामान घेऊन हजर. मेणाची कमळं, सोनेरी कागदाच्या माळा, गुलाबपाण्याच्या काचेच्या कुप्या, आणि पताका तर किती! प्रत्येक पताकेवर झाडूवाले महाराज.

आनसूबाईनं मात्र आधीपासून काहीच रांधलं नव्हतं. दगडांच्या बांधाआड भरतीचं पाणी अडवलं होतं, त्यात मासे जिवंत पोहत होते. दरबार पंगतीला बसला आणि मग चुली पेटल्या.

"अजून एक घावणा!" सेनापती ओरडले की तव्यावर पीठ पडायचं. "अजून एक मासा!" म्हटलं की पाण्यातून मासा निघायचा. मागितलं तेवढंच पानात, आणि घेतलं तेवढं संपवायचं. एका सरदारानं अर्धा घावणा बाजूला सारला, तर बाई कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभीच राहिली. खाल्ला बिचाऱ्यानं!

सगळ्यांनी ढेकर दिल्यावर शेवटच्या पिठाचे घावणे हाताखालच्या बायकांनी खाल्ले. बांधाचे दोन दगड सरकवले, आणि न लागलेले मासे समुद्रात पोहत गेले. जेवणाची केळीची पानं गावातल्या गाईंनी फस्त केली. काटे माडांच्या मुळाशी पुरले, राखेनं भांडी घासली आणि ते पाणीही माडांनाच गेलं.

चिंतोपंत वाळूवर चक्क रांगत काटे शोधत होते. एक मिळेल तर शपथ!

एवढ्यात वारा सुटला. पताका तुटल्या, माळा फाटल्या, कमळं गडगडली. दरबाऱ्यांनी रिकाम्या कुप्या तर आधीच फेकल्या होत्या. बघता बघता वाळू दिसेनाशी झाली.

"उरलं, महाराज, उरलं!" चिंतोपंत आनंदानं नाचले. "हा बघा कचरा! किनारा भरलाय नुसता!"

"खरंच की!" आनसूबाई म्हणाली. तिनं केळीची दोन ताजी पानं कापून मांडली. एकावर मेणाचं कमळ, वर सोनेरी कागदाची चटणी आणि कडेला एक कुपी. शिवाय चिमूटभर मीठ आणि लिंबाची फोड!

"बसा, प्रधानजी! तुम्ही आणलंत, तुम्हीच खायचं. दवंडी पिटलीय ना? पोटभर घ्या, आग्रह आहे माझा. मेहुण्यांनाही बोलवा हवं तर!"

चिंतोपंतांचा चेहरा पांढराफटक पडला. महाराज गालातल्या गालात हसत म्हणाले, "आणि हे दुसरं पान कुणाचं?"

आनसूबाईनं त्यावर एक पताका वाढली. "तुमचं, महाराज. चित्र तुमचं, हौस तुमची. झाडू तेवढा सावकाश गिळा, घशात अडकेल!"

महाराज पताकेकडे बघतायत, बाईकडे बघतायत... आणि एकदम असे हसत सुटले, की मुकुट घसरून मांडीवर आला.

"हरलो, बाई! जागा तुझी, माड तुझे. प्रधानजी, खायचं नसेल तर वेचा सगळं! मेहुण्यालाही लावा कामाला! आणि आनसूबाई, आणखी काय हवं ते माग!"

"एकच मागणं आहे, महाराज," आनसूबाई पदर सारखा करत म्हणाली. "पुढच्या वर्षीचा स्वच्छता महोत्सव त्या शेजारच्या राजाच्या किनाऱ्यावर करा!"

"दिलं!" महाराज म्हणाले, आणि हसता हसता त्यांनी उद्याचा पहिला घावणा स्वतःसाठी सांगून ठेवला.